फेलोशिपचा पैसा आणि घरचा हिशेब

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



समितीच्या काकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता, ‘उच्च शिक्षण आणि समाजाची प्रगती’. मी म्हटलं, काका, त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मला पैशांवर बोलू द्या. काका जरा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, ‘बोल बाई, पण नुसतं बोलू नको, हिशेब सांग.’ म्हणून आज ही वही घेऊन आले आहे. मी पीएच.डी. केली ती अर्थशास्त्रात, आणि विषय होता महिला बचत गटांची कर्जं. म्हणजे कर्जावरच पीएच.डी. केली आणि कर्ज काढूनच केली. हसू नका, खरं आहे.

आपल्या या वस्तीत आज तीन मुलं-मुली पीएच.डी. करीत आहेत. माझ्या वेळी मी एकटीच होते, म्हणून विचारायला कोणी नव्हतं. त्यांच्यावर तीच पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे सांगते.

आधी फेलोशिप म्हणजे काय ते समजून घेऊ. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ अभ्यास करता यावा, नोकरी करावी लागू नये, म्हणून सरकार दरमहा ठरावीक रक्कम देते. यूजीसीची जेआरएफ आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, ती पूर्वी राजीव गांधींच्या नावाने होती. आपल्या राज्यात बार्टीचीही आहे. १ जानेवारी २०२३ पासून यूजीसीच्या जेआरएफचा दर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये असा झाला. मी २०१८ साली लागले तेव्हा २५,००० होते, जानेवारी २०१९ पासून ३१,००० झाले. घरभाडे भत्ता वेगळा. पुस्तकं, झेरॉक्स, प्रवास यांच्यासाठी वर्षाला थोडी रक्कम असते, तिला कन्टिन्जन्सी म्हणतात. सामाजिक शास्त्रांना ती पहिली दोन वर्षे १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये. पण ती आधी खिशातून खर्च करायची, बिलं लावायची आणि मग वाट बघायची.

आता ज्या घरात बाबा मिल बंद पडल्यावर घरी बसले ते बसलेच, आणि आई शिलाई मशीनवर घर चालवते, त्या घरात महिना २५,००० म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. माझं पत्र आलं त्या दिवशी आईनं गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या आत्या म्हणाल्या, ‘पोरगी शिकते आणि सरकार तिला पगार देते!’ माझी पहिली चूक इथेच झाली. मी त्यांना म्हटलं नाही की आत्या, हा पगार नव्हे. पगार महिन्याच्या महिन्याला येतो. ही रक्कम मंजूर महिन्याची होते, पण येते केव्हाही.

का येत नाही, तेही ऐका. विद्यार्थ्यानं रुजू झाल्याचा अहवाल द्यायचा. तो मार्गदर्शकाच्या सहीनं विभागात, तिथून विद्यापीठाच्या कचेरीत. तिथे एक माणूस माहिती भरतो, दुसरा ती तपासून पुढे पाठवतो. त्यांना मेकर आणि चेकर म्हणतात. दर महिन्याला ‘हा विद्यार्थी हजर आहे’ असं त्यांनी संगणकावर कळवायचं. मेकरची बदली झाली, चेकर रजेवर गेला, आधार आणि बँकेतल्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, की थांबलं. मार्चअखेरीला निधी संपला, की पुन्हा थांबलं. कोणी मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही. माझी फेलोशिप कुठली आणि विद्यापीठ कुठलं हेही मी सांगणार नाही, कारण मी इथे तक्रार करायला उभी नाही. पण २०२३ साली बार्टीचे संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानात फेलोशिपसाठी धरणं धरून बसले होते, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. म्हणजे हे दुखणं माझ्या एकटीचं नव्हतं.

माझा पहिला हप्ता अकराव्या महिन्यात आला.

तोवर कशी जगले त्याचा हिशेब या वहीत आहे. परक्या शहरात कॉट बेसिसवर जागा, मेस, बस, फोन, झेरॉक्स धरून महिना ८,५०० रुपये. अकरा महिन्यांचे ९३,५००. खोलीचं डिपॉझिट ६,०००. विद्यापीठाची फी १४,०००. एकूण १,१३,५००. हे आणले कुठून? माझ्या शिकवण्यांचे साठलेले २०,००० होते. आईनं बचत गटातून २०,००० उचलले. मग आईचे कानातले आणि गळ्यातली पोत बँकेत गहाण ठेवून ४०,००० आणले. एका मैत्रिणीकडून हातउसने २५,०००. आणि मेसवाल्या काकूंची उधारी राहिली ८,५०० ची. बेरीज करून बघा, बरोबर जुळते.

आता यातलं व्याज बघा, कारण ते कोणी बघत नाही. गटाचं व्याज शेकडा २ रुपये महिना. ऐकायला दोन रुपये, पण वर्षाचे झाले २४ टक्के. बँकेच्या सोनेतारणाचं १२ टक्के, म्हणजे निम्मं. मी त्या विषयावर प्रबंध लिहीत होते आणि मलाच हे तेव्हा सुचलं नाही, की लागणार आहेत तर सगळेच सोन्यावर घ्यावेत. गटाचं व्याज गटातच राहतं, बायकांच्याच खात्यात जमा होतं, ही गोष्ट चांगली आहे. पण ते ४०० रुपये महिना आई भरत होती, दहा महिने, ब्लाऊज शिवून. मला तिनं सांगितलं नव्हतं. गटाच्या पासबुकात मी नंतर पाहिलं.

मग जून २०१९ मध्ये एके दिवशी फोनवर मेसेज आला. २,७५,००० रुपये जमा. अकरा महिन्यांचे एकदम, तेही जुन्या दरानं. वाढीव फरक दीड वर्षानं आला. मी बसमध्ये होते, दोनदा वाचला मेसेज. घरी फोन केला आणि आईला सांगितलं, ‘आई, पावणेतीन लाख आले!’

हे वाक्य मी असं बोलायला नको होतं. पावणेतीन लाख आले नव्हतेच. गटाचे २०,०००, आईनं भरलेलं व्याज ४,०००, सोनं सोडवायला व्याजासह ४३,६००, मैत्रिणीचे २५,०००, मेसचे ८,५००, असे १,०१,१०० आधीच दुसऱ्यांचे होते. माझे होते १,७३,९००. ते देणं मी लगेच दिलं, एवढं शहाणपण केलं. पण घरात आकडा पोचला होता पावणेतीन लाखांचा. भावाला ऑटोरिक्षा घ्यायची होती, सुरुवातीला भरायला ८०,००० कमी पडत होते. पावसाळा तोंडावर होता आणि मागच्या खोलीवर स्लॅब नव्हता, त्याला ५०,०००. मी नाही कशी म्हणू? ज्या घरानं पोत गहाण ठेवली त्या घराला नाही म्हणायचं? दिले. माझ्यासाठी ३८,००० चा लॅपटॉप घेतला. माझ्याजवळ राहिले ५,९००. आणि पुढचा हप्ता आला आठ महिन्यांनी.

भावाला दिले हे चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. किती दिले, ते चुकलं. वर्षभराच्या खर्चाचे १,०२,००० मी बाजूला टाकले असते, तर लॅपटॉप घेऊनही ३३,९०० घरी देता आले असते. स्लॅबऐवजी त्या पावसाळ्यात पत्रे पडले असते. एवढंच.

आता जे सांगते ते या सभेत बोलावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. आई समोर बसली आहे, तिला विचारूनच बोलते. नोव्हेंबर २०१९ पर्यंत मी पुन्हा मेसच्या उधारीवर आले. मैत्रिणीला पुन्हा विचारायची लाज वाटली. घरी सांगायची त्याहून जास्त लाज, कारण घरी सगळ्यांना वाटत होतं की पोरीजवळ पैसा आहे. मग मोबाईलवर एक ॲप दिसलं, पाच मिनिटांत कर्ज. ८,००० मंजूर झाले. हातात आले ५,६००. बाकीचे ‘प्रोसेसिंग’ म्हणून कापले. फेडायचे मात्र पूर्ण ८,०००, तेही पंधरा दिवसांत. पंधराव्या दिवशी पैसे कुठून येणार? दुसऱ्या दोन ॲपांकडून मिळून ११,४०० घेतले, कारण कापून हातात ८,००० उरले पाहिजेत. ते फेडायला आणखी दोघांकडून १६,३००. दीड महिन्यात ५,६०० चे १६,३०० झाले, आणि माझ्या पोटात गेले होते फक्त ते पहिले ५,६००. आपल्याकडच्या जुन्या सावकारानं काय वेगळं केलं असतं? आणि मी कर्जावर प्रबंध लिहीत होते!

सोळा हजार भरता आले नाहीत तेव्हा फोन सुरू झाले. मला नव्हे, माझ्या फोनमधल्या नंबरांना. माझ्या मार्गदर्शकांना फोन गेला. आईच्या गटाच्या अध्यक्षबाईंना गेला. काय भाषा होती ती मी इथे बोलत नाही.

आई रागावली नाही. ती उठून आपल्या भाजीवाल्या मावशींकडे गेली. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, पण तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मावशींनी सतरा हजार काढून दिले. व्याज नाही. अट एकच घातली. म्हणाल्या, ‘मला लिहिता येत नाही, पण तुला येतं. वहीत लिही, तारीख टाक आणि माझ्यासमोर सही कर. तोंडी व्यवहारानं नातं तुटतं.’ फेब्रुवारी २०२० मध्ये हप्ता आला आणि पहिले १७,००० मावशींचे दिले. त्यांनी वहीवर काट मारायला लावली. ती ही वही.

आता ॲपच्या बाबतीत कायदा बदलला आहे, तेही सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम काढले. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले नंबर घेता येत नाहीत, आणि सगळा खर्च धरून वर्षाचं व्याज किती पडतं ते आधी लिहून द्यावं लागतं. तरी फसवणारे आहेतच. मागे कुठली बँक किंवा वित्तसंस्था आहे तिचं नाव ॲपवर दिसत नसेल, तर हात लावू नका. क्रेडिट कार्डाचंही तसंच. थकलं की महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचे ४२. त्यापेक्षा गटाचे २४ बरे आणि सोन्याचे १२ त्याहून बरे. वस्तीतला खासगी सावकार असेल, तर त्याच्याकडे परवाना लागतो. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना दाखवा म्हटलं की निम्मे सावकार तिथेच गप्प होतात.

बाबासाहेबांचं उदाहरण देण्याआधी थोडी भीती वाटते, कारण त्यांच्या नावानं आपण काहीही खपवतो. पण ते स्वतः फेलोशिपवर शिकलेले विद्यार्थी होते, हे आपण विसरतो. १९१३ साली बडोदा सरकारनं त्यांना महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले. त्या वेळच्या पंधरा रुपये पौंडाच्या भावानं ते १७० रुपयांच्या आसपास होतात. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार. न्यूयॉर्कमध्ये त्यातूनच खाणं, पुस्तकं, आणि त्यातूनच पोटाला चिमटा घेऊन घरी रमाईंकडे पैसे. म्हणजे ‘घरी किती पाठवावे’ हा प्रश्न त्यांनाही होता. मुदत संपल्यावर १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर शिकवलं, त्यातून साठवले. शाहू महाराजांची मदत झाली. आणि पाच हजार रुपये उसने घेतले ते नवल भथेनांकडून, न्यूयॉर्कमध्ये एकाच वसतिगृहात राहिलेल्या मित्राकडून. पुढे लंडनमध्ये अडचण आली तेव्हाही पत्र लिहून मागितले ते त्यांच्याकडेच.

यात एक गंमत आहे, अर्थशास्त्रवाल्यांना कळेल. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत होते. १९२१ मध्ये तोच रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. म्हणजे इकडून पाठवलेल्या त्याच रुपयांची तिकडे भाकरी लहान झाली. आणि त्या वेळी बाबासाहेबांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न! आणखी एक. कोलंबियाचा प्रबंध छापून द्यावा लागत असे. तो पुस्तकरूपानं १९२५ मध्ये निघाला आणि पीएच.डी.ची पदवी हाती आली १९२७ साली. काम झालं तरी शेवटचा खर्च राहतो, हे तेव्हाही होतं.

त्या शेवटच्या खर्चाबद्दल बोलते, कारण तिथे आपली मुलं गळतात. फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षे. प्रबंध पाच वर्षांत पुरा होतोच असं नाही. माझी फेलोशिप जुलै २०२३ ला संपली, प्रबंध दिला मार्च २०२४ ला. ते आठ महिने एक पैसा नव्हता आणि टायपिंग, बाइंडिंग, विद्यापीठाची फी हे सगळं तेव्हाच. पण या वेळी मी तयारीत होते. तिसऱ्या वर्षापासून महिना ४,००० चं आवर्त ठेव खातं काढलं होतं, तीन वर्षांचं. १,४४,००० आणि वर व्याज. हप्ता उशिरा आला की आधी ते थकलेले महिने भरायचे. त्या खात्याचं कार्ड घेतलं नाही, घरी आकडा सांगितला नाही. हे घरापासून लपवणं झालं का? झालं. पण आईला मी सांगितलं होतं की एक खातं आहे, त्याचा आकडा विचारू नको. ती नाही विचारायची.

लॉकडाऊनमध्ये भावाची रिक्षा दारात उभी राहिली. हप्ते पुढे ढकलता येत होते, पण व्याज थांबत नव्हतं. तेव्हा चार महिने हप्ता मी भरला, कारण फेब्रुवारीच्या पैशातून वर्षाचा खर्च या वेळी बाजूला काढून वर थोडे उरले होते. म्हणून म्हणते, घरी द्यायचं नाही असं नाही. द्यायचं, पण उरलेल्यातून.

विद्यार्थ्यांना सांगते. पहिलं वर्ष बिनपैशाचं आहे असंच धरून चला. लागणारी रक्कम आधी लिहून काढा आणि गळ्याशी येण्याआधी, शांतपणे, सगळ्यात कमी व्याजाच्या ठिकाणाहून घ्या. निकडीला घेतलेलं कर्ज नेहमी महाग पडतं. दर महिन्याला विभागात जाऊन आपली हजेरी वर गेली का ते विचारा, लाज बाळगू नका. त्या एका कागदाची किंमत ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी दर वाढायच्या वेळी समितीसमोर अहवाल द्यावा लागतो. त्याची तारीख तीन महिने आधी मागून घ्या, नाहीतर तिथे पुन्हा पैसे अडकतात. मध्येच नोकरी लागली तर आधी कळवा. दोन्हीकडचे पैसे घेतले तर वसुली निघते, तीही व्याजासकट.

आणि आई-बाबांना हात जोडून सांगते. मुलाला ‘किती आले’ असं विचारू नका. ‘किती महिन्यांचे आले आणि पुढचे केव्हा’ असं विचारा. लग्नाचं, स्लॅबचं, गाडीचं गणित फेलोशिपवर बसवू नका. मुलगा फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणाला तर मेसचे पैसे दिले का, एवढं एकदा विचारा. मला कोणी ते विचारलं असतं तर मी रडले असते आणि खरं सांगितलं असतं.

आज मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे इथेही पैसे उशिरा येतात. पण आता सवय आहे.

समितीनं परवानगी दिली आहे. दर रविवारी वंदनेनंतर मी इथे मागच्या खोलीत तासभर बसेन. ज्यांची मुलं पीएच.डी.ला लागली आहेत किंवा लागणार आहेत, त्यांनी फेलोशिपच्या पत्राची झेरॉक्स, आधार, बँकेचं पासबुक आणि काही कर्ज असेल तर त्याचा कागद घेऊन यावं. नाव जुळतं का ते आधी बघू, मग बाकीचं. एक कोरी वहीसुद्धा आणा.

जयभीम!